‘लिंग हे लिंगावरून ठरत नाही’: लिंगभावाच्या मानवशास्त्रावरील एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

पहिल्याच व्याख्यानाच्या चौथ्या मिनिटाला पडद्याच्या तळाशी मराठी सबटायटल उमटले: ‘लिंग हे लिंगावरून ठरत नाही, हे मानवशास्त्राने दाखवून दिले.’ मी व्हिडिओ थांबवला, मागे नेला आणि पुन्हा ऐकला. प्राध्यापिकाबाई इंग्रजीत अगदी सरळ बोलत होत्या. शरीराचे लिंग ही एक गोष्ट आणि बाई किंवा पुरुष म्हणून समाजात कसे वागावे याची त्या त्या समाजाने घडवलेली रीत, म्हणजे लिंगभाव, ही दुसरी गोष्ट, आणि दुसरी पहिलीतून आपोआप निघत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. भाषांतर करणाऱ्या यंत्राने ‘सेक्स’ आणि ‘जेंडर’ या दोहोंना एकच मराठी शब्द वापरल्यामुळे अभ्यासक्रमाचे पायाभूत विधानच कोडे होऊन बसले. ‘लिंगभाव’ हा शब्द मराठीत चांगला रुळलेला असताना तो न वापरण्याचे काही कारण नव्हते. मी अभिप्रायाच्या चौकटीत तसे लिहून कळवले, सबटायटल बंद केली आणि पुढे ऐकू लागले.

विविध संस्कृतींमधील लिंगभाव आणि लैंगिकता यांची मानवशास्त्रीय ओळख करून देणारा हा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांची तीन-चार व्याख्याने, वाचनासाठी दोन लेख, एक बहुपर्यायी चाचणी आणि तीनशे शब्दांचे एक लेखन अशी त्याची रचना आहे. लेखनाला गुण सहाध्यायींनीच द्यायचे असतात. खाली काही तक्रारी येणार असल्याने तो कोणत्या संस्थेचा आहे हे मी लिहीत नाही. अशा विषयाचे बहुतेक अभ्यासक्रम साधारण याच साच्याचे असतात आणि त्यांत वारंवार तीच उदाहरणे येतात, त्यामुळे इतरत्र नाव नोंदवू पाहणाऱ्यांनाही या परीक्षणाचा उपयोग व्हावा.

माझे मत आधीच सांगते. जिथे एकच समाज घेऊन त्याच्याविषयी सावकाश आणि खोलात जाऊन सांगितले आहे, आणि त्या समाजाबद्दल लिहिणाऱ्या अभ्यासकाची चूकही लपवलेली नाही, तिथे हा अभ्यासक्रम अव्वल आहे. जिथे तो जगभरच्या समाजांची चित्रे भराभर दाखवत सुटतो, तिथे तो पर्यटन कंपनीच्या माहितीपत्रकासारखा होतो.

अव्वल भाग म्हणजे तिसरा आठवडा. पापुआ न्यू गिनीच्या पूर्व भागातील ट्रोब्रिअंड बेटांवर मानवशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९१५ ते १९१८ या काळात दोनदा दीर्घ मुक्काम केला आणि तिथल्या मातृवंशीय समाजाचे जे वर्णन लिहिले, त्यावर मानवशास्त्राच्या कित्येक पिढ्या पोसल्या. पहिल्या व्याख्यानात हे वर्णन येते. मूल आईच्या कुळाचे असते. मृत पूर्वजाचा आत्मा बाईच्या शरीरात शिरतो आणि त्यातून गर्भ राहतो. मात्र मूल दिसायला बापासारखेच असते, कारण बापच त्याला मांडीवर घेऊन, कुरवाळून घडवत असतो. एखाद्याला तू आईसारखा किंवा भावासारखा दिसतोस असे म्हणणे तिथे असभ्यपणाचे मानले जाई, हे मालिनोव्स्की यांचे निरीक्षण ऐकताना रक्ताचे नाते म्हणजे काय, हा प्रश्न आपण कधी धड विचारलेलाच नाही, हे माझ्या लक्षात आले.

दुसऱ्या व्याख्यानात अॅनेट वायनर या मानवशास्त्रज्ञ येतात. त्या १९७१ साली त्याच बेटांवर गेल्या त्या लाकडी कोरीवकामाचा अभ्यास करायला. गावातल्या पहिल्याच दिवशी त्यांना बायकांनी एका मृत्यूनंतरच्या विधीला नेले आणि तिथे बायका केळीच्या वाळलेल्या पानांच्या जुड्या हजारोंनी, आणि रंगवलेले पानांचे घागरे शेकड्यांनी, एकमेकींना देत होत्या. कॅमेरा इथे एका जुडीवर बराच वेळ स्थिरावतो. नक्षी कोरलेल्या लाकडी फळीवर केळीचे पान ठेवून शिंपल्याने खरवडायचे, म्हणजे नक्षीचा ठसा पानावर उमटतो. मग पट्ट्या वाळवून त्यांची एका टोकाला बांधलेली, दुसरीकडे पिसारलेली जुडी करायची. तिचा दुसरा काहीही उपयोग नाही. ती नेसता येत नाही, खाता येत नाही. पण मेलेल्या माणसाच्या मातृकुळातल्या बायकांनी त्या माणसाशी आयुष्यभर ज्यांचे ज्यांचे काही देणेघेणे राहिले त्या सर्वांना या जुड्या वाटल्याशिवाय कुळाची मान ताठ राहत नाही, आणि पुरेशा जुड्या जमवण्यासाठी नवऱ्याला बायकोकरता आपली संपत्ती खर्ची घालावी लागते. ही जबाबदारी त्याच्यावर येते, कारण दर हंगामात बायकोच्या भावाने पिकवलेली सुरणासारखी कंदमुळे, याम, त्याच्या कोठारात येऊन पडत असतात. थोडक्यात, पुरुषांमधली जी देवघेव मालिनोव्स्की यांनी बारकाईने टिपली, तिची दुसरी बाजू बायकांच्या हातात होती, आणि त्यांनी ती पाहूनही तिला संपत्ती मानले नाही. बायका करतात ते काम आहे, पण अर्थव्यवहार नव्हे, अशी समजूत ते घरूनच घेऊन गेले होते.

प्राध्यापिकाबाई इथे मालिनोव्स्की यांची टर उडवत नाहीत, ही गोष्ट मला विशेष आवडली. दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून त्या विचारतात, की तुम्ही त्या दिवशी तिथे असता तर तुमच्या वहीत काय लिहिले असते. त्या आठवड्याचे लेखन याच प्रश्नावर होते आणि मला ते तीनदा लिहावे लागले.

विवाहावरचा पाचवा आठवडाही याच तोडीचा आहे. ‘जिच्यामुळे स्त्रीला झालेली मुले दोघांचीही औरस अपत्ये मानली जातात, असे स्त्री आणि पुरुषाचे मीलन’ ही विवाहाची जुनी पुस्तकी व्याख्या फळ्यावर लिहून ठेवायची आणि मग एकेका समाजाला तिच्यासमोर उभे करायचे, अशी या व्याख्यानांची पद्धत आहे. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९३०च्या दशकात अभ्यासलेल्या, आज दक्षिण सुदानात येणाऱ्या न्यूअर लोकांमध्ये मूल न झालेली स्त्री स्वतःची गुरे देऊन दुसऱ्या स्त्रीशी लग्न करू शके. मूल होण्यासाठी एखाद्या पुरुषाची योजना केली जाई, पण मुले त्या पहिल्या स्त्रीला ‘बाप’ म्हणत, आणि मुलीच्या लग्नात बापाच्या वाट्याची गुरे तिलाच मिळत. इथे लगेच खुलासा येतो की हा दोन स्त्रियांमधला प्रणय नव्हे. नातेव्यवस्थेत ‘बाप’ ही एक जागा आहे आणि ती भरण्यासाठी पुरुषाचे शरीर लागतेच असे नाही. त्यानंतर कॅथलिन गफ यांनी १९५९ साली मांडलेले मलबारच्या नायर समाजाचे उदाहरण येते. ब्रिटिश अमलापूर्वी तिथे मुलीच्या गळ्यात विधिपूर्वक ताली (मंगळसूत्रासारखा अलंकार) बांधली जाई, पुढे तिचे भेटीला येणारे अनेक जोडीदार असू शकत, आणि मूल झाल्यावर त्यांपैकी योग्य दर्जाच्या एकाने पुढे येऊन सुईणीला कापड आणि थोडा भाजीपाला द्यायचा असे. तेवढ्याने पितृत्व सिद्ध होई. कोणीच पुढे आले नाही तर मात्र त्या स्त्रीवर भयंकर प्रसंग येई. नवरा घरात राहत नाही, मुलांना पोसत नाही, तरी हा विवाहच, असे गफ म्हणतात. एडमंड लीच मात्र १९५५ सालीच म्हणाले होते, की विवाह ही हक्कांची एक मोट आहे आणि सगळे हक्क सगळीकडे एकत्र बांधलेले सापडणार नाहीत. दोघांचा वाद इतक्या चोख पद्धतीने समजावला आहे, की आठवड्याच्या शेवटी फळ्यावरच्या व्याख्येतला एकही शब्द खोडल्याशिवाय उरत नाही.

आता सातव्या आठवड्याकडे येते, कारण माझी मुख्य तक्रार तिथे आहे. ‘दोनाच्या पलीकडे’ असे शीर्षक असलेल्या या आठवड्यात चाळीस मिनिटांत इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरील बुगी, प्रशांत महासागरातील सामोआ बेटांवरचे फाफाफिने (पुरुषदेहाने जन्मून स्त्रीसारखे राहणारे), उत्तर अमेरिकेतील झुनी, अल्बेनियातील बुर्नेशा आणि भारतातील हिजडा समाज एवढे सगळे उरकले आहे. प्रत्येकाला एक छायाचित्र, एक नकाशा आणि सात-आठ मिनिटे. पार्श्वसंगीतसुद्धा बदलते. या पाचांना एकाच माळेत ओवणारा धागा कोणता, तर ‘आपल्यासारखे दोनच लिंगभाव नसलेले समाज’. हा धागा पाहणाऱ्याच्या हातातला आहे, त्या समाजांतला नव्हे.

बुर्नेशांचेच पाहा. उत्तर अल्बेनियाच्या डोंगराळ भागात ज्या स्त्रिया आजन्म ब्रह्मचर्याची शपथ घेत त्यांना पुरुषी वेश, घरातले कर्तेपण, वारसा आणि पुरुषांच्या बैठकीत स्थान मिळे. घरात मुलगा उरलेला नसणे, किंवा ठरलेले लग्न वैर न ओढवता मोडायचे असणे, ही त्यामागची नेहमीची कारणे. ही व्यवस्था दोन लिंगभावांच्या पलीकडे जात नाही. उलट घराचा कर्ता पुरुषच असला पाहिजे हा नियम इतका कडक, की तो पाळण्यासाठी प्रसंगी मुलीलाच पुरुष करून घ्यायचे. सामोआतील फाफाफिने आणि बुर्नेशा यांना एकाच चित्रमालिकेत बसवले की नेमका हाच मुद्दा हरवतो. ज्या प्राध्यापिकाबाईंनी पाचव्या आठवड्यात ‘बाप ही एक जागा आहे’ असे शिकवले, त्यांनीच इथे ते शिकवणे बाजूला ठेवावे याचे मला नवल वाटले.

बुगी लोकांचे पाच लिंगभाव (मक्कुनराई, ओरोआने, चलाबाई, चलालाई आणि बिस्सू) ही तर अशा अभ्यासक्रमांची आवडती यादी. पहिले दोन म्हणजे स्त्री आणि पुरुष, पुढचे दोन म्हणजे ढोबळमानाने स्त्रीसारखे राहणारे पुरुष आणि पुरुषासारख्या राहणाऱ्या स्त्रिया, आणि बिस्सू हे विधींचे अधिकारी, राजघराण्याच्या पवित्र वस्तूंचे रक्षक. यादी चूक नाही. पण ती अशी सांगितली आहे, जणू ती अनादी काळापासून तशीच फडताळात ठेवलेली आहे. १९५०पासून पुढे दीड दशक चाललेल्या कहार मुझक्कर यांच्या इस्लामी बंडात बिस्सूंचा छळ झाला, त्यांच्या पूजावस्तू नष्ट करण्यात आल्या, याचा एका वाक्यातही उल्लेख नाही. हिजडा समाजाबाबतही तेच. इंग्रजी सरकारने १८७१च्या कायद्याने त्यांच्या नोंदवह्या ठेवल्या आणि बायकी वेशात सार्वजनिक ठिकाणी नाचण्यावर शिक्षा लावली. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली. २०१९ साली त्यावर कायदा झाला आणि त्या कायद्याला खुद्द त्या समाजातूनच विरोधही झाला. यांतले काहीही व्याख्यानात नाही. आहे ते सेरेना नंदा यांच्या १९९० सालच्या मांडणीवर आधारलेले ‘ना पुरुष ना स्त्री’ हे सूत्र. हैदराबादेत क्षेत्रकार्य करून गायत्री रेड्डी यांनी २००५ साली दाखवले, की हे लोक स्वतःला केवळ लिंगाच्या मापाने मोजत नाहीत. इज्जत, धर्म, गुरू-चेल्याचे नाते आणि पैसा ही मापेही तितकीच वजनदार असतात. हा अभ्यास ‘अधिक वाचन’ या सदरात आहे, म्हणजे जो कोणी वाचत नाही अशा ठिकाणी.

याला अपवाद वेव्हा यांच्यावरच्या आठ मिनिटांचा. वेव्हा हे झुनी समाजातले ल्हामाना, म्हणजे पुरुषदेहाने जन्मून बायकांची कामे व वेश स्वीकारलेली व्यक्ती. विणकाम आणि कुंभारकाम या दोन्हींत निष्णात. १८८६ साली वेव्हा वॉशिंग्टनला गेले, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांना भेटले, आणि तिथल्या उच्चभ्रू वर्तुळाने त्यांना झुनी राजकन्या समजून मिरवले. (त्यांच्यासाठी मराठीत ‘गेले’ लिहू की ‘गेल्या’, यावर मी दहा मिनिटे अडले, शेवटी आदरार्थी बहुवचनाचा आडोसा घेतला, तरी लिंग सुटले नाहीच.) युरोपीय अभ्यासक अशा व्यक्तींसाठी फ्रेंचमधून आलेला एक हीन अर्थाचा शब्द वापरत, १९९० साली विनिपेग येथील मेळाव्यात मूलनिवासी समाजांतील लोकांनीच तो नाकारून ‘टू-स्पिरिट’ ही संज्ञा स्वीकारली. कोणाला काय म्हणायचे हे कोण ठरवते, हा प्रश्न या आठ मिनिटांत नीट उभा राहतो. बाकीच्यांच्या वाट्याला तो का आला नाही, कोण जाणे.

या आठवड्याच्या चाचणीत प्रश्न होता: ‘खालीलपैकी कोणत्या समाजात पाच लिंगभाव आढळतात?’ मला पूर्ण गुण मिळाले.

भाषेवरचा आठवा आठवडा व्याख्यानांपेक्षा त्यातल्या स्वाध्यायासाठी लक्षात राहील. व्याख्यान नायजेरियन समाजशास्त्रज्ञ ओयेरोंके ओयेवुमी यांच्या १९९७ सालच्या सिद्धांतावर आहे: पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेत ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम आहे, भावंडांच्या शब्दांत भाऊ-बहीण असा भेद नसून थोरले-धाकटे असा आहे, आणि म्हणून वसाहतकाळापूर्वी तिथला समाज लिंगावर नव्हे, ज्येष्ठतेवर उभा होता. यावर घेतला जाणारा आक्षेपही सांगितला आहे, की व्याकरणात भेद नाही म्हणून व्यवहारात नव्हता असे ठरत नाही. बंगाली आणि फारसी सर्वनामांतही तो-ती असा भेद नाही, एवढे आठवले तरी आक्षेपाचे वजन कळते.

स्वाध्याय असा: एका दिवसाची पानभर दैनंदिनी आपल्या मातृभाषेत लिहा आणि भाषेने तुम्हाला स्वतःचे लिंग किती वेळा सांगायला लावले ते मोजा. इंग्रजीत लिहिणाऱ्या सहाध्यायींच्या उत्तरांत बहुधा शून्य होते. माझ्या पानात ते १९ वेळा निघाले. मी उठले, मी निघाले, मी दमले, मी आता झोपते. मग दुसरा भाग: तेच पान लिंग उघड न करता पुन्हा लिहा. इथे मराठीचे एक गुपित हाती लागते. ‘मी पत्र लिहिले’, ‘मी दार उघडले’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते, त्यामुळे लिहिणारा लपतो, ‘मी जाईन’मध्येही लपतो, ‘मला भूक लागली’मध्ये भूकच स्त्रीलिंगी ठरते आणि आपण सुटतो. अडते ते फक्त येण्या-जाण्यात, उठण्या-बसण्यात आणि वर्तमानकाळात. ‘मी घरी परतले’ टाळण्यासाठी ‘घरी परतणे झाले’ असे लिहिले, तेव्हा माझी दैनंदिनी एखाद्या खात्याच्या वार्षिक अहवालासारखी वाचू लागली. व्याख्यानांच्या चार तासांत जे कळले नसते ते या एका पानाने कळले.

त्याच लेखनाला एका सहाध्यायीने शून्य गुण देऊन ‘हे इंग्रजीत नाही’ असा शेरा मारला, हेही नोंदवून ठेवते. सहाध्यायींकडून मूल्यमापन हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. मातृभाषेत लिहा असे सांगायचे आणि ती वाचू शकणाऱ्याकडे उत्तरपत्रिका जाईल याची काहीच सोय करायची नाही, हा शुद्ध निष्काळजीपणा झाला.

उरलेल्या आठवड्यांविषयी थोडक्यात. मार्गारेट मीड यांच्या १९३५ सालच्या न्यू गिनीतील तीन समाजांच्या अभ्यासावरचे व्याख्यान नेटके आहे. चाम्ब्री पुरुष कलाकुसरीत गुंतलेले आणि बायका कारभारी, हे मीड यांचे चित्र ते लोक शेजाऱ्यांनी हुसकावल्यानंतर नुकतेच परतून आपली विधिगृहे पुन्हा उभारत होते त्या काळातले आहे, हा डेबोरा गेवर्ट्झ यांचा आक्षेप त्यात आवर्जून येतो. शिकारीवरच्या आठवड्यात फिलिपिन्समधील आग्टा स्त्रिया धनुष्यबाण आणि कुत्रे घेऊन रानडुक्कर मारतात हे पाहायला मिळते. शरीरशास्त्राचा आठवडा कोणत्याही शालेय पुस्तकातून उचलल्यासारखा आहे.

लैंगिकतेवरचे दोन आठवडे मी धास्तीनेच सुरू केले होते, कारण सातव्या आठवड्याचा अनुभव ताजा होता. ते अनपेक्षितपणे चांगले निघाले, आणि त्याचे श्रेय मेगन सिनॉट यांच्या २००४ सालच्या थायलंडमधील अभ्यासाला जाते. तिथे पुरुषी धाटणीच्या स्त्रीला ‘टॉम’ आणि तिच्या जोडीदार स्त्रीला ‘दी’ म्हणतात. पहिला शब्द इंग्रजी ‘टॉमबॉय’चा, दुसरा ‘लेडी’च्या शेवटच्या अक्षराचा. पण शब्द परके असले तरी अर्थ घरचा आहे. टॉम ही वेगळ्या लिंगभावाची मानली जाते. दी मात्र चारचौघींसारखी सामान्य स्त्री, जी उद्या पुरुषाशीही लग्न करू शकते. दोघींना मिळून एकच नाव देणारा ‘लेस्बियन’ हा शब्द अनेकींना नकोसा वाटतो. कोणावर प्रेम करतो यावरून माणसाचा प्रकार ठरतो ही कल्पना आपल्याला इतकी उघड वाटते, की तीही एका विशिष्ट काळात घडलेली आहे हे सांगायला असे एखादे जवळून पाहिलेले जोडपे लागते.

इजिप्तच्या वाळवंटातील औलाद अली या बेदुइन (अरब पशुपालक) टोळ्यांवरचे व्याख्यान मी दोनदा ऐकले. लायला अबू-लुघोद यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे राहून पाहिले, की दिवसा चारचौघांत नवऱ्याविषयी बेफिकिरी दाखवणारी बाई जवळच्या मैत्रिणींमध्ये दोन ओळींच्या गाण्यात विरहाने व्याकूळ होते. मर्यादा राखणे आणि गाणे ही दोन्ही तिच्या प्रतिष्ठेचीच अंगे. अबू-लुघोद तिथे प्रथम गेल्या तेव्हा त्यांचे वडील सोबत आले होते, आणि आधी त्यांना त्याचा संकोच वाटला होता. एकट्या आलेल्या अविवाहित मुलीला त्या घरात थारा मिळाला नसता, हे त्यांना मागाहून कळले. अभ्यासकाचे स्वतःचे लिंग त्याला कोणते दार उघडून देते, यावर एखादे स्वतंत्र व्याख्यान असते तर मी सातवा आठवडा माफही केला असता.

मानवशास्त्र पूर्वी न वाचलेल्यांनी हा अभ्यासक्रम जरूर घ्यावा, मात्र आठवड्याला पाच-सहा तास राखून ठेवावेत आणि सातव्या आठवड्याची व्याख्याने सोडून त्याचे ‘अधिक वाचन’ तेवढे वाचावे. ज्यांनी नातेव्यवस्थेवर काही वाचले आहे त्यांना तिसरा, पाचवा आणि आठवा हे तीन आठवडे पुरेत. इंग्रजी ऐकण्याचा सराव नसलेल्यांनी थोडे थांबलेले बरे. सबटायटलांविषयीच्या माझ्या पत्राला नवव्या आठवड्यात आभाराचे उत्तर आले आणि दुरुस्तीही झाली, ती सरसकट. पहिल्या व्याख्यानात आता ‘लिंगभाव’ अगदी योग्य जागी दिसतो. मग मी भाषेवरचे व्याख्यान पुन्हा लावून पाहिले. तिथे आता लिहिले आहे: ‘जर्मन भाषेत तीन लिंगभाव असतात आणि प्रत्येक नामाचा लिंगभाव पाठ करावा लागतो.’